पेन-अ-व्हानच्या पायऱ्या

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत वेल्समधील कार्डिफ शहरीं मामांकडे जाण्याचा योग आला. तेथून उत्तरेस, ब्रेकन गांवाजवळ, पेन-अ-व्हान नांवाचा डोंगर आहे. (वेल्श लोक लिहितात 'फ', उच्चारतात 'व्ह'.) उंची अवघी ८८६ मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ निम्मी. तथापि दक्षिण वेल्समध्यें याहून उंच स्थान नाहीं.

उत्तरेकडून त्याच्या कड्यावर एकावर एक रचलेले आडवे थर दिसले आणि मला सह्याद्रीच भेटल्याचा आनंद झाला. शाळेंतला भूगोल ओठांवर होताच. "मामा, हा लाव्हारसाचा डोंगर. थरावर थर गोठत गेला आहे," असें मीं ठासून सांगितलें. मामा हंसले नाहींत. "वर जाऊन पाहूं," इतकेंच म्हणाले.

चढतांना वाऱ्यानें कान बधिर झाले. वाटेंतला एक दगड मामांनीं माझ्या हातीं दिला. तो काळा नव्हे, तांबूस होता, आणि बोटानें चोळतां वाळूचे कण सुटत होते. मी गप्प राहिलों.

माथा मेजासारखा सपाट आहे. तेथील फरशीवजा खडकांवर बारीक लहरी उमटलेल्या होत्या. ओहोटीनंतर अलिबागच्या पुळणीवर अशाच लहरी मीं पायांखालीं तुडविल्या आहेत! मामांनीं सांगितलें कीं, सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वीं हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण व रुक्ष होता. पुराच्या नद्या पर्वत झिजवून वाळू आणि चिखल येथें पसरीत. त्यांतील लोह गंजून थर तांबडे झाले. माथ्याचे थर त्यांहून अलीकडचे, परंतु तेहि पाण्यानेंच आणलेले. आपल्या सह्याद्रीचा लाव्हारस सुमारें ६॥ कोटि वर्षांपूर्वींचा. म्हणजे त्यावेळीं हे खडक म्हातारे झालेले होते!

थर दक्षिणेकडे किंचित् कललेले असल्यामुळें तिकडचा उतार सौम्य आहे. उत्तरेचा कडा हिमकाळांत बर्फानें कोरून काढला. कड्याखालीं, बर्फानेंच लोटलेल्या दगडमातीच्या बांधाआड, एक लहानसें तळें आहे.

पायऱ्यांपुरता मात्र मी अगदींच चुकलों नव्हतों. कठीण थर टिकतात, मधले मऊ झिजतात, म्हणून पायऱ्या पडतात. हें सह्याद्रींतहि घडतें. मामांनीं तेवढें कबूल केलें. परंतु रात्रीं जेवतांना माझ्या लाव्हारसाची हकीकत त्यांनीं मामींस सांगितलीच, आणि मी मान खालीं घालून आमटी भुरकूं लागलों.