पटवाऱ्याचं दप्तर आणि लोकांचा उठाव

लोक बंडाला का उठतात, यावर लिहा, असं संपादकांनी कळवलं. सोबत तंबी दिली की आकडे बेताचे असावेत आणि निजामी महसुलाचा किस काढू नये. मी निजामी महसुलाचाच अभ्यासक. तरी बघतो.

हिंगोली जिल्हा 1999चा. त्याआधी इथली गावं परभणीत आणि 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. दर 17 सप्टेंबरला झेंड्याखाली तीच गोष्ट ऐकतो: रझाकार माजले, सरदार पटेलांनी फौज धाडली, चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. खोटं यात काही नाही. फक्त वसमत-कळमनुरीचा शेतकरी कुठेच नाही. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, ते वापटीचे बहिर्जी शिंदे जीव द्यायला का निघाले, हे तिथल्या मुलांनाही धड कुणी सांगत नाही.

संस्थानातली जमीन तीन तऱ्हेची: दिवाणी म्हणजे सरकारी, जहागिरी आणि खुद्द निजामाची सर्फेखास. या तिन्हींच्या वसुलीत... नको, सोडतो. पण लेव्ही सोडवत नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकार ठरावीक दरानं सक्तीनं धान्य घेऊ लागलं. किती पेरा, किती पीक, हे पटवारी लिहिणार. देशमुखाचं वहितीचं रान कागदावर पडीक व्हायचं आणि तूट दहा एकरवाल्याच्या खळ्यावरून भरून निघायची. काहींनी तर बाजारातून चढ्या भावानं ज्वारी आणून लेव्ही भरली. सरकारी कारभार उर्दूत. अर्ज करायचा तर अर्जनवीस गाठा, त्याला पैसे द्या, पुढे पेशकाराला द्या.

हे सगळं लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं. म्हणून ‘भ्रष्टाचार वाढला की क्रांती होते’ हे ठोकळेबाज वाक्य मला पटत नाही. लाच घेणाऱ्याशी सौदा तरी होतो. आज दिलं की हंगामभर सुटका. कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, ती हमी मोडली. पटवाऱ्याला देऊनही घर लुटलं जाणार, पोलिसांचा अमीन रझाकारांच्याच बाजूला बसलेला. पैसे मोजूनही सुरक्षितता मिळेना, तेव्हा घाबरट माणूसही हिशेब बदलतो. गाऱ्हाणं मांडायची जागाही नव्हती: स्टेट काँग्रेसवर 1938 साली स्थापनेआधीच बंदी आली होती, ती 1946त उठली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी ऑगस्ट 1947त लढा पुकारताच धरपकड सुरू झाली. पैनगंगा ओलांडली की मात्र वऱ्हाड, निजामाच्या अमलाबाहेरचं. तिथे सभा होत, वर्तमानपत्रं मिळत. उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या त्या उगाच नव्हे.

लोकांनी मोडलं काय, तेही पाहा. करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, अबकारीचं उत्पन्न देणारी शिंदीची झाडं, चावडीतली दप्तरं. ज्यातून आपली लूट होते ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच याला निव्वळ हिंदू-मुसलमान झगडा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948त हैदराबादेत खून झाला. मात्र फौजा आल्यावर जे झालं तेही आपण झाकतो. भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. तिथे मारले गेलेले मुसलमान बहुतेक गोरगरीबच होते. हे व्याख्यानात सांगितलं की पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. चालायचंच.

माझी खरी अडचण त्यानंतरची आहे. 1949त जहागिऱ्या गेल्या, 1950त कुळकायदा आला. संरक्षित कूळ कोण, हे ठरवायला जुन्या नोंदी मागवल्या गेल्या. त्या होत्या पटवाऱ्याकडे. काही देशमुख तोवर पांढरी टोपी घालून तहसीलच्या व्हरांड्यात येऊन बसले होते, आणि जाळलेल्या दप्तरांच्या जागी नवी दप्तरं लिहायला, बऱ्याच गावांत, तोच जुना हात होता.