सगळ्यांत धाकट्याच्या वयाचं जहाज

संपादकांनी विषय एका वाक्यात सांगितला. सातारा-सांगलीकडची माणसं आता लेकराबाळांसकट क्रूझला निघाली आहेत, तर त्यांनी कुठलं जहाज घ्यावं ते लिहा. त्यांना बहुधा एखादं नाव हवं होतं, पण तसं एकच नाव नाही. आठ महिन्यांच्या बाळाला, दोन वर्षांच्या मुलीला आणि सात वर्षांच्या मुलाला लागणारी जहाजं वेगवेगळी असतात. तिघंही एकाच घरातली असली तर जहाज धाकट्याच्या वयावरून ठरवावं. मला सांगायचं ते एवढंच, बाकीचा लेख म्हणजे त्याची कारणं.

मी ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजावर शिकलो, मालवाहू जहाजांवर घडलो आणि नोकरीची शेवटची वर्षं प्रवासी जहाजांवर सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. आता सांगलीत, विश्रामबागेत राहतो. लग्नकार्यात कुणीतरी मोबाइलवरची जाहिरात पुढं धरतं आणि विचारतं, “कॅप्टनकाका, हे बुडणार नाही ना?” पाठोपाठ दुसरा प्रश्न घसरगुंड्या किती आहेत हा. पोर डायपरमध्ये असताना तिला तरणतलावात उतरू देतील का, बाळाच्या मापाचं लाइफजॅकेट आहे का, रात्री दोन वाजता ताप चढला तर डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतो, हे कुणी विचारत नाही. इतकी वर्षं हेच पाहून मी थकलो आहे.

एक प्रसंग अजून मनातून जात नाही. विट्याकडचं गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातलं एक कुटुंब. भाऊ वेगवेगळ्या राज्यांत, वर्षातून एकदा सगळे एकत्र येणार, म्हणून मुंबईहून क्रूझ ठरवली. एजंट म्हणाला, बाळाचं तिकीट जवळपास फुकटच आहे. रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं प्रवास करून सगळे सकाळी सीएसएमटीला उतरले आणि दुपारी टर्मिनलवर गेले. तिथं बाळाचा जन्मदाखला तपासला गेला. सहा महिने पूर्ण व्हायला थोडे दिवस कमी पडत होते. बाळाला प्रवेश नाकारला. आई, आजी आणि बाळ मागं राहिले, बाकीचे जड मनानं गेले. बाळाच्या वडिलांनी मला टर्मिनलवरूनच फोन केला होता. मी तरी काय करणार? नियम छापलेला होता आणि माझ्या मते तो बरोबरही होता. पण पैसे घेताना तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता.

बहुतेक क्रूझ कंपन्यांची खालची वयोमर्यादा 6 महिने आहे आणि ती जहाज सुटण्याच्या दिवशी मोजतात. महासागर ओलांडणाऱ्या, सलग तीन किंवा अधिक दिवस बंदर न लागणाऱ्या सफरींवर अनेक कंपन्या 12 महिने मागतात. गरोदर बाईलाही प्रवास संपताना चोवीस आठवड्यांच्या आत असावं लागतं. हे नियम कुणाला त्रास द्यायला केलेले नाहीत. जहाजावरचा दवाखाना तातडीच्या उपचारांपुरता असतो. डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग तर नसतोच. तान्ह्या बाळाला जुलाब लागले तर काही तासांत त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं, आणि त्या वेळी जहाज किनाऱ्यापासून रात्रभराच्या अंतरावर असू शकतं. हेलिकॉप्टर बोलवायचं तर ते टप्प्यात असावं लागतं आणि हवामानही साथ देणारं लागतं.

आता लाइफजॅकेटकडं येतो, कारण आमच्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा गेलेल्यांत लहान मुलंही होती. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या समुद्रात घारापुरीकडं निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि 15 माणसं गेली. तरीही आमच्याकडची माणसं म्हणतात, आमची पोरं कृष्णेत पोहतात, त्यांना जॅकेट कशाला? पोहणं येतं म्हणून जॅकेट नको, असं समुद्रावर चालत नाही.

सोलास या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मुलांची जॅकेटं किमान प्रवाशांच्या दहा टक्के असावी लागतात आणि मुलं जास्त असतील तर प्रत्येक मुलामागं एक. बाळांची वेगळी. प्रवास 24 तासांपेक्षा कमी असेल तर अडीच टक्के, 24 तास किंवा जास्त असेल तर प्रत्येक बाळासाठी एक. 15 किलोखालचं आणि एक मीटरपेक्षा कमी उंचीचं ते बाळ. त्यापुढं 43 किलो आणि 155 सेंटिमीटरपर्यंत मूल. बाळाचं जॅकेट हातात घेऊन बघा. मानेमागची गादी जाड, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड. दोन्ही पायांमधून येणारा पट्टा, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि बाळ खालून निसटतं. शिट्टी, दिवा, चमकणाऱ्या पट्ट्या आणि पाण्यातून उचलायला पकड. खोलीच्या कपाटात बहुधा मोठ्यांचीच जॅकेटं असतात. पहिल्या संध्याकाळी खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून बाळाचं मागून घ्या आणि एकदा घालून बघा. सुटण्याआधीच्या कवायतीला जा. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून 32 माणसं गेली, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटाला जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात. ती काढू नका.

तरणतलावाबद्दल सगळ्यांत जास्त भांडणं होतात. जाहिरातीतल्या पाण्यात खेळणाऱ्या पोरांना बघून आईवडील पैसे भरतात आणि जहाजावर पाटी दिसते की डायपरमधल्या मुलांना पाण्यात प्रवेश नाही. अमेरिकेत जहाजांची आरोग्य तपासणी 1975 पासून चालते. तिथल्या नियमांत डायपरमधलं मूल फक्त त्यासाठीच बांधलेल्या उथळ जागेत चालतं आणि जगभरच्या मोठ्या कंपन्या तोच नियम पाळतात. एका पोरानं पाण्यात शी केली तर तलाव बंद करून क्लोरीन वाढवावं लागतं, आणि पोटाचे विषाणू जहाजावर किती झपाट्यानं पसरतात ते मी पाहिलं आहे. जीवरक्षकाचंही तसंच. काही कंपन्यांनी नेमले, पण अनेक जहाजांवर आजही तलावाकाठी जीवरक्षक नसतो. लहान मुलांसाठीचा किड्स क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि शी-शू सांगणाऱ्या मुलांनाच घेतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना सांभाळणारं पाळणाघर मोजक्याच जहाजांवर असतं. म्हणजे दीड-दोन वर्षांच्या मुलाला ना तलाव, ना क्लब. त्याच्याबरोबर तुमची सगळी सफर खोलीत आणि जेवणघरात जाते.

आता माझ्या आवडत्या वादाकडं वळतो. वाचकांना तांत्रिक वाटेल, पण हा भाग सोडू नका. लोक म्हणतात, मोठं जहाज हलत नाही, मग वरच्या मजल्यावरची बाल्कनीची खोली घेऊ. यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

प्रत्येक जहाजाला झुलण्याची स्वतःची लय असते. ती जहाजाची रुंदी आणि मेटासेंट्रिक उंची (झुकलेलं जहाज किती जोरानं सरळ होतं ते सांगणारं माप) या दोन मापांवर ठरते. ही उंची जास्त असली तर जहाज झटके देत पटकन सरळ होतं, कमी असली तर सावकाश झुलतं. प्रवाशांना सावकाश झुलणं बरं, म्हणून प्रवासी जहाजांत ही लय बरेचदा पंधरा-वीस सेकंदांपर्यंत नेतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना झुलणं कमी करणारे पंखही असतात, पण ते वेग असेल तेव्हाच काम करतात. नांगरलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या जहाजावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आता खोलीची जागा. जहाज एका बाजूला तीन अंश झुकलं तर झुलण्याच्या अक्षापासून 30 मीटर उंचावरची खोली दीड मीटरहून जास्त सरकते. 5 मीटरवरची खोली फक्त 26 सेंटिमीटर. पुढं-मागं होणाऱ्या हालचालीतही तेच. दोनशे मीटरच्या जहाजानं नाक एक अंश वर उचललं तर टोकाची खोली पावणेदोन मीटर उचलली जाते, मधल्या भागातली जेमतेम 17 सेंटिमीटर. एकाच जहाजावर, एकाच लाटेवर, एक पोर ओकतं आणि दुसरं झोपतं, ते यामुळं. दोन वर्षांखालच्या मुलांना समुद्र सहसा लागत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त लागतो. त्यांच्यासाठी खोली खालची आणि मधली. औषध मात्र आपल्या मुलांच्या डॉक्टरला विचारूनच द्या, मोठ्यांच्या गोळ्या मोडून नव्हे.

बाल्कनीबद्दल माझं मत ठाम आहे. अमेरिकेतून प्रवासी नेणाऱ्या जहाजांना 2010 च्या कायद्यानं 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर उंचीचा कठडा लागतो. कठडा पुरेसा असतो, धोका खुर्चीचा आहे. 45 सेंटिमीटरच्या खुर्चीवर 85 सेंटिमीटरचं मूल उभं राहिलं की कठडा त्याच्या छातीशी येतो, आणि मूल तिथं थांबत नाही, आणखी वर चढतं. शिवाय बाल्कनीचं आणि खोलीचं दार एकाच वेळी उघडलं की वाऱ्याच्या झोतानं जड दार धाडकन आदळतं. दारात चिरडलेली इवली बोटं मी पाहिली आहेत. समुद्रात बुडण्याची भीती घेऊन आलेल्या आईवडिलांनी त्या दाराचा विचारच केलेला नसतो. पाच वर्षांखालचं मूल असेल तर बाल्कनी घेऊ नका. वाचलेल्या पैशांत मधली, खिडकीची, थोडी मोठी खोली घ्या.

आता जहाजांची नावं. मुंबईहून सध्या कोर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ आहे. 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, 48,563 ग्रॉस टन (हे वजनाचं नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप), एका खोलीत दोघं धरले तर सुमारे 1,600 प्रवासी. सिंगापूरहून जाणारी ‘जेंटिंग ड्रीम’ 2016 ची, 1,50,695 टन आणि सुमारे 3,350 प्रवासी. टनांना प्रवाशांनी भागा, म्हणजे माणशी जागा कळते. पहिलीत माणशी तीस, दुसरीत पंचेचाळीस. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला हा आकडा घसरगुंडीपेक्षा जास्त उपयोगी. मात्र ‘एम्प्रेस’चं पारडं दुसऱ्या बाबतीत जड आहे. विमान नाही, व्हिसा नाही, जेवण ओळखीचं, आणि दोन-तीन रात्रींत घरी. मोठी मुलं असतील तर पहिल्या सफरीला ती योग्य. शनिवार-रविवारची छोटी फेरी टाळा. तिच्यावर मोठ्यांची मौजमजा जास्त असते आणि संगीत उशिरापर्यंत चालतं. आठवड्यातल्या मधल्या दिवसांची घ्या.

सिंगापूर हे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मला जास्त पटतं, कारण तिथून सुटणाऱ्या जहाजांत निवड आहे, शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं आणि बहुतेक सफरी तीन-चार रात्रींच्या असतात. फक्त जहाज सिंगापूर सोडून परत तिथंच येतं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना ते बघा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्याची मुदतही तपासा.

बंदर कसं आहे हेही विचारा. जहाज धक्क्याला लागतं की दूर नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवतं? लक्षद्वीपला आणि बहुधा फुकेतलाही छोटी बोट असते. ती आणि जहाज लाटेवर वेगवेगळ्या तालात वरखाली होतात, आणि त्या फटीवरून कडेवरचं मूल पलीकडं न्यायचं असतं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर असं बंदर असलेली सफर घेऊ नका.

मोसमाचंही भान ठेवा. नोव्हेंबर ते मार्च अरबी समुद्र बराच शांत असतो. मे अखेरपासून नैऋत्येचा फुगवटा सुरू होतो आणि म्हणूनच पावसाळ्यात क्रूझ जहाजं पूर्व किनाऱ्याकडं वळतात. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळी समुद्राचं ते वागणं आजही तसंच आहे.

आपल्याकडचा क्रूझचा धंदा अजून कच्चा आहे याचं मला वाईट वाटतं. एप्रिल 2019 मध्ये ‘कर्णिका’ मोठ्या थाटात मुंबईहून निघाली आणि 2020 संपेपर्यंत भंगारात निघाली. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘कोस्टा सेरेना’ आली आणि एक मोसम करून गेली. कंपन्या येतात, जातात. आगाऊ भरलेल्या पैशांचं काय होईल याची हमी एजंटही देऊ शकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, इमारत देखणी आहे. पण मुलांसाठीचे नियम मराठीत छापलेलं साधं पत्रकही मला कुणी दाखवलेलं नाही.

एक बारीक गोष्ट आयांसाठी. नाचणीची पेज करायला घरून इलेक्ट्रिक केटल किंवा छोटा कुकर नेऊ नका. तापणाऱ्या तारेची उपकरणं आगीच्या भीतीनं चढतानाच काढून घेतात. जहाजावर आगीइतकी दुसरी कशाची भीती नसते. सत्त्वाची पूड न्या, गरम पाणी खोलीत मागवा. मऊ भात आणि बिनतिखट वरण पहिल्याच जेवणाला मुख्य वाढप्याला सांगून ठेवा, ते रोज देतात.

तीन वर्षांखालच्या मुलाला न्यावं का? पूर्वी मी सरळ नाही म्हणायचो. आता एवढं ठाम म्हणवत नाही, कारण आजी-आजोबा, काका-काकू आणि चुलत भावंडं एका छताखाली चार दिवस राहण्याचा योग विखुरलेल्या घरांना सहज मिळत नाही, आणि त्यासाठी जहाज चांगली जागा आहे. न्यायचंच असेल तर एजंटला पाच प्रश्न विचारा. सुटण्याच्या दिवशी बाळाचं किमान वय किती लागतं? डायपरमधल्या मुलाला पाण्यात कुठं उतरता येतं? क्लब आणि पाळणाघर कितव्या वयापासून घेतं? कुठल्या बंदरावर छोट्या बोटीनं उतरावं लागतं? आणि आपली खोली नकाशात नेमकी कुठं आहे? ही उत्तरं कंपनीच्या नावानं लेखी मागा. तोंडी उत्तर देणारा टर्मिनलवर तुमच्याबरोबर उभा नसतो. लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.