कप्तान इव्हान्सचे प्यादे

वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा विल्यम डेव्हिस इव्हान्स पोरवयातच समुद्रावर गेला. पुढे मिलफर्ड हेवन ते आयर्लंडमधले वॉटरफर्ड या मार्गावरच्या टपालाच्या आगबोटीचा तो कप्तान झाला. बुद्धिबळाचे वेड होतेच. १८२० च्या दशकात त्याला एक चाल सुचली आणि ती त्याच्या नावाला कायमची चिकटली.

चाल दिसायला वेडी आहे. वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवायचे, तेही थेट काळ्या उंटाच्या तोंडी. उंटाने ते खाल्ले, की शेजारच्या प्याद्याने त्याला हुसकायचे. उंट पळापळ करतो, तेवढ्यात पांढरा पटाचा मध्य ताब्यात घेतो. एका प्याद्याच्या मोबदल्यात वेळ विकत घ्यायचा! जहाजावर वेळेचे मोल रोज मोजणाऱ्यालाच हा सौदा सुचावा, असे मनापासून वाटते.

लंडनमध्ये इव्हान्सने याच चालीने मॅकडॉनेल या बलाढ्य खेळाडूला हरवले. मॅकडॉनेलने ती उचलली आणि १८३४ मध्ये फ्रान्सच्या ला बूर्दोनेविरुद्ध वापरली. चाल आता कप्तानाच्या हातची राहिली नव्हती.

तिचे खरे सोने झाले बर्लिनमध्ये, १८५२ साली. पांढरी मोहरी घेतलेला आंडरसन पेशाने शिक्षक, समोर ड्यूफ्रेन. काळ्याचा वजीर पांढऱ्या राजाच्या अंगणात घुसलेला, पुढच्याच खेळीला मात ठरलेली. आंडरसनने विसाव्या खेळीला हत्ती दिला, एकविसाव्या खेळीला वजीर दिला. एकापाठोपाठ एक शह बसत गेले, काळ्याला ती मात करायला उसंतच मिळाली नाही. चोविसाव्या खेळीला दोन उंट आणि एका प्याद्याने काळ्या राजाला कोंडले. ते प्यादे म्हणजे पहिल्या खेळीला राजासमोरून निघालेलेच. पटाच्या सहाव्या ओळीत येऊन उभे होते. या डावाला पुढे ‘सदाहरित’ नाव मिळाले, आणि ते शोभतेही.

इव्हान्स १८७२ मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंडला वारला. मागे पडलेली त्याची चाल कास्पारोव्हने १९९५ मध्ये रिगाला पुन्हा पटावर आणली, तीही आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध. आनंदने पंचविसाव्या खेळीला डाव सोडला.

बर्लिनचा डाव नुसता वाचू नका. पट मांडा, विसाव्या खेळीपाशी थांबा आणि पुढची खेळी स्वतः शोधून पाहा.