सर्वांत हळू चालणारी पुढे

सहल ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, गाडी किती सीटची करायची? पण काही ठिकाणं गाडीतून दिसतच नाहीत. हंपी त्यांपैकीच एक. विजयनगरच्या या जुन्या राजधानीत विरूपाक्ष मंदिराकडून विठ्ठल मंदिराकडे तुंगभद्रेच्या काठाकाठानं पायवाट जाते. अंतर जेमतेम दोन किलोमीटर.

आमच्या सोसायटीतल्या आठ जणींनी ही वाट चालायचं ठरवलं. नवव्या शेजारच्या काकू, वय ६८. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, तू आपली हॉटेलवरच थांब. उगाच सगळ्यांचा खोळंबा." काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट घेऊन आल्या. मग आम्ही एकच नियम केला : जी सर्वांत हळू चालते, तिनं सर्वांत पुढे राहायचं.

या नियमाचा फायदा सगळ्यांनाच झाला. कोदंडरामाच्या देवळापाशी मोठमोठ्या शिळांतून वळणारी नदी आम्ही निवांत पाहिली. पुढे राजतुला लागली. दोन दगडी खांब आणि वर आडवी तुळई. इथे राजाची सोन्यानं तुला होत असे, असं सांगतात. एक जण म्हणाली, "आपल्या नशिबी तराजू भाजीवाल्याचाच!" सगळ्या खळखळून हसल्या. जवळच नदीपात्रात जुन्या पुलाचे दगडी खांब उभे आहेत आणि पलीकडे आनेगुंदी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर हे वैभवशाली शहर लुटलं गेलं, ते पुन्हा वसलंच नाही.

विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पन्नास रुपयांच्या नोटेवर आपण रोज बघतो. मंदिरात विठ्ठलाची मूर्ती मात्र नाही. संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपूरला परत नेली, अशी आपल्याकडची कथा.

ती ऐकून काकू ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "आमचे हे दरवर्षी वारीला जायचे. मी भाकऱ्या बांधून द्यायची. मागं सासूबाई, पोरं, गुरं. माझं कधी निघणंच झालं नाही. विठोबाच्या वाटेनं स्वतःच्या पायांनी आले, ती आज."

"पण काकू, इथे देवच नाही!" कुणीतरी म्हणालं.

"नसेना का. मला चालायचं होतं, मी चालले."

त्यावर कुणालाच काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी गोल टोपलीच्या नावेतून आनेगुंदीला जायचं ठरलं, तेव्हा निघायची वेळ काकूंनीच सांगितली.

तुम्हीही जाल, तर हिवाळ्यात जा. ऊन चढण्याआधी निघा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. आणि घरात अशी कुणी आई, काकू, सासूबाई असतील, तर "तुम्हाला झेपेल का?" असं विचारण्याआधी त्यांच्या पायाचं माप विचारा.