आईच्या नावावरची गाडी

वडिलांची जुनी मारुती आईला विकायची होती. नोंदणीपत्रावरील त्यांचे नाव मात्र पुसले जाऊ नये, असेही तिला वाटे. कायद्याला असा संकोच नसतो. दिवंगताचे वाहन प्रथम वारसाच्या नावे करावे लागते: नमुना ३१, मृत्यूचा दाखला, आम्हा भावंडांची संमती. विक्रीचे नमुने २९ व ३० त्यानंतरचे. गाडीला १५ वर्षे उलटलेली, त्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण करही आलाच.

घेणारा तरुण घरोब्यातला. ‘काकू, गाडी नेतो, नावाचे सवडीने पाहू,’ म्हणाला. आईने किल्ली पुढे केलीही होती. मी नको म्हटले. गाडी किती का हातांतून जाईना, अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सत्तरीतल्या आईने न्यायालयाची पायरी का चढावी? तरुण थोडा रुसला, पण थांबला.

यथावकाश आईच्या नावाचे नोंदणीपत्र आले. तोवर तिच्या नावे ना घर होते, ना वाहन. तिने ते चष्मा लावून दोनदा वाचले, चार दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवले आणि मग नमुना २९ वर ठसठशीत सही केली.