पोर्टचा मुक्काम

कालनिर्णयचं पान उलटावं, तर दुधाचे खाडे, गॅसची टाकी आणि कर्जाचे हप्ते यांच्या गर्दीत एका तारखेवर ‘फ्लश’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मन चरकतं. केमो संपलेली असते, केसही परत आलेले असतात. तरी कॉलर बोनखाली, कातडीच्या आत, मोठ्या नाण्याएवढी डबी, म्हणजे पोर्ट, असते आणि तिची नळी हृदयाच्या तोंडाशी पोचलेली. ती तुंबू नये म्हणून कुठे महिन्याला, कुठे तीन महिन्यांनी सलाईन आणि हेपॅरिन सोडून घ्यायचं. 2023पासून पुण्याजवळच्या आमच्या दापोडीत मेट्रो थांबते, त्यामुळे फेरी सोपी झाली; पण ठेकेदाराकडे कामाला असणाऱ्याची हजेरी बुडायची ती बुडतेच. माझं म्हणणं असं : ठरलेला उपचार संपला आणि शिरेतून द्यायचं औषध नजरेच्या टप्प्यात उरलं नाही, की पोर्ट काढावा. तो ठेवायचा असेल तर कारण औषधाचं असावं, भीतीचं नव्हे.

कारण बसवताना तो औषधासाठीच बसवलेला असतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे वॉर्डातलं ‘लाल औषध’, किंवा विनक्रिस्टिन हातावरच्या बारीक शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. म्हणून ते छातीतल्या मोठ्या शिरेत, वाहत्या रक्तात सोडायचं. अमेरिकेतल्या जॉन नीडरह्युबर यांनी 1982मध्ये कातडीखाली पूर्ण झाकल्या जाणाऱ्या पोर्टची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी छातीतून बाहेर लोंबणारी नळी सांभाळत रुग्ण दिवस काढत. विनक्रिस्टिन मिळतं सदाफुलीतून. दापोडीच्या चाळींत तेलाच्या डब्यांत फुलते तीच ही. तिच्यातून 1958मध्ये कॅनडात विनब्लास्टिन वेगळं काढलं गेलं, विनक्रिस्टिन त्याच्या मागोमाग आलं.

पोर्ट काढण्याला सगळ्यांत मोठी हरकत अशी, की ‘काढला आणि आजार उलटला तर?’ भीती खरी आहे, पण तिच्यावरून तारीख ठरत नाही. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कर्करोगात उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो. हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर तो वीस वर्षांपर्यंतही रेंगाळतो. वीस वर्षं फ्लश करत राहायचं का? पोर्ट ठेवल्याने आजार अडत नाही, काढल्याने ओढवत नाही, आणि गरज पडली तर दुसरा बसवता येतो. ‘शिरा सापडत नाहीत’ ही हरकत जास्त वजनदार आहे. एका बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तर सुईला एकच हात उरतो. अशांनी, ट्रास्टुझुमॅब या औषधाची वर्षभराची इंजेक्शनं चालू असणाऱ्यांनी आणि आजार पसरलेल्यांनी पोर्ट जरूर ठेवावा. पण नुसता ठेवणं फुकट नसतं. त्यात जंतू शिरू शकतात, हाताच्या शिरेत गुठळी होऊन हात सुजू शकतो. क्वचित कॉलर बोन आणि बरगडीच्या चिमट्यात नळी तुटते, आणि फार वर्षं राहिली तर शिरेला चिकटून बसते.

माझा राग आहे तो फाइलवर. पोर्ट बसवल्याची तारीख तिच्यात ठळक असते, काढण्याबद्दल एक ओळ नसते. सर्जन म्हणतात, केमोवाल्या डॉक्टरांना विचारा. ते म्हणतात, पुढच्या स्कॅननंतर बघू. प्रत्येक स्कॅननंतर एक पुढचा स्कॅन असतोच. केमोच्या शेवटच्या सायकलच्या कागदावरच ‘काढणे : अमुक महिन्यात, अथवा ठेवण्याचं कारण’ असं लिहून मागण्यात उद्धटपणा नाही. कुणाला अमावास्या किंवा पितृपक्ष टाळायचा असेल तर खुशाल टाळावा. पोर्ट ठणकत नसेल, ताप नसेल, तर पंधरवड्याने काही बिघडत नाही. बहुतेकांचं काम जागा बधिर करून, थोड्या वेळात होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात, आणि नळी टोकापर्यंत अख्खी बाहेर आली का, हे टेबलावरून उठण्याआधी विचारून घ्यावं.