सायकल आणि कलम २७९

सनद मिळाल्यावर पुण्यातील एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी करीत असता, लक्ष्मी रस्त्यावरून रात्रीच्या वेळी दिव्यावाचून सायकल हाणीत आलेल्या छापखान्यातील एका कामगाराने एका वृद्ध गृहस्थांस धडक दिल्याची फिर्याद होऊन, हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून मानवी जीवितास धोका पोहोचविल्याबद्दल पिनल कोडाच्या कलम २७९ खाली त्याच्यावर खटला भरण्यात आला. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची मर्यादा असल्याने मामला क्षुल्लक नव्हता.

सायकल हे मुळी वाहनच नव्हे, असा बचाव आमच्या वकीलसाहेबांनी उभा केला. १९३९ च्या मोटार कायद्यात सायकलीस स्थान नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने वाहनाच्या व्याख्येत तिचा नामनिर्देश मुद्दाम केला, यावरून तसा निर्देश नसलेल्या १८६० च्या कोडास ती अभिप्रेत नसावी, हा त्यांचा युक्तिवाद ऐकताना मी मनोमन थक्क झालो. (कोर्टाचे निम्मे कारकून त्या दिवशीही महानगरपालिकेचे बिल्ले लावलेल्या सायकलींवरूनच आले होते, ही गोष्ट निराळी.)

सरकारी वकिलांनी उत्तरादाखल १८७९ चा ‘टेलर विरुद्ध गुडविन’ हा लंडनचा निवाडा काढला. सायकलीचा मागमूसही नसताना झालेल्या १८३५ च्या रस्तेविषयक कायद्यातील ‘गाडी’ या संज्ञेत तेथील न्यायाधीशांनी सायकल बसविली होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांना मात्र इतक्या दूर जाण्याची गरज वाटली नाही. टांग्याला आणि बैलगाडीला तरी यंत्र कोठे असते, असे विचारून त्यांनी दाखविले की वाहन हाकणाऱ्याबरोबरच स्वारी करणाराही त्या कलमाच्या कक्षेत येतो, तेव्हा सायकलीस वाहन म्हणा अथवा म्हणू नका, तिच्यावर बसलेला इसम सुटत नाही. मला तर हेच कायद्याचे खरे मर्म वाटते. जीव धोक्यात कशाने पडला यापेक्षा कोणत्या वर्तनाने पडला, हे त्याला पाहावयाचे असते.

पुढे साक्षीपुराव्यात वेगाविषयी कोणालाच खात्रीने सांगता येईना, आणि फिर्यादी स्वतःच उभ्या टांग्याआडून एकाएकी रस्त्यात उतरल्याचे उलटतपासणीत निघाले. दिवा नसल्याचा किरकोळ दंड तेवढा झाला. कलम २७९ मधून आरोपी निर्दोष सुटला, आणि मुद्देमाल म्हणून अडकलेली सायकल परत देण्याचा हुकूम ऐकताच तो आम्हांस नमस्कार करून चौकीकडे धावला. वकीलसाहेब मात्र दिवसभर खट्टू होते: मुद्दा फेटाळला गेला होता, आणि सुटलेल्या आरोपीच्या वतीने अपील तरी कसले करणार!